क्रोझमधलं दगडी घर घेताना आधी पाणी बघा

फ्रान्समध्ये ल्यॉंला आयटीत नोकरी करणाऱ्या एका पुणेकर जोडप्यानं विचारलंय: क्रोझ जिल्ह्यातल्या एका खेड्यात ग्रॅनाइटचं जुनं घर पसंत पडलंय. राहती जागा 110 चौरस मीटर, चिकटून दगडी गोठा, मागे फळझाडं, किंमत 48 हजार युरो. आणखी 50 हजार घातले तर सहा महिन्यांत राहण्यासारखं होईल का? बरंचसं काम आम्हीच शनिवार-रविवारी करू, आणि पुढे पुण्याचे आईबाबा तिथं येऊन राहतील.

सोबत 31 फोटो पाठवलेत. सगळे उन्हातले. मला जो फोटो हवा होता तो त्यात नाही: पाऊस चालू असताना मागच्या भिंतीचा पायथा कसा दिसतो तो.

मी मूळची कोल्हापूरची, स्थापत्य अभियंता. गेली 17 वर्षं लिमुझँ भागात, म्हणजे क्रोझ ज्यात येतो त्या प्रदेशात, जुन्या दगडी घरांची दुरुस्ती करून घेण्याचं काम करते. घर वाईट आहे असं मी म्हणत नाही. या जिल्ह्यातले पुरुष पिढ्यान्पिढ्या गवंडीकामाला पायी पॅरिसला जायचे. मार्तँ नादो त्यातलाच, 1830 मध्ये चौदाव्या वर्षी बापाबरोबर चालत गेला आणि पुढे संसदेत निवडून आला. कोकणातल्या चाकरमान्यांची गोष्ट ज्यांच्या घरात आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल: घर गावात, माणसं शहरात, शेवटी दाराला कुलूप. त्यामुळे घरं स्वस्त आहेत, आणि गवंड्यांनी स्वतःसाठी बांधलेली असल्यामुळे भिंती बहुतेक वेळा उत्तम आहेत. त्यांना मारतं ते पाणी.

माझ्या स्वतःच्या घराचं सांगते. 2009 मध्ये ओब्यूसोंजवळ घेतलं. उत्तरेच्या खोलीत भिंतीला गुडघाभर ओल होती. मी साइटवर सिमेंटमध्ये वाढलेली. आपल्याकडे करतात तसं जमिनीपासून मीटरभर जुना गिलावा खरवडला आणि वॉटरप्रूफिंगचं औषध घालून सिमेंटचा पक्का गिलावा मारला. शेजारचे म्हातारे शेतकरी कुंपणापाशी उभे राहून बघत होते. एवढंच म्हणाले, ‘‘भिंत आता श्वास कुठून घेणार?’’ मी मनात हसले. दोन हिवाळ्यांनंतर ओल सिमेंटच्या वरून, खांद्याच्या उंचीवर बाहेर आली. वरच्या तुळईचं भिंतीत रुतलेलं डोकं बोटानं दाबलं तर ओल्या केकसारखं आत गेलं. ते सिमेंट छिन्नी-हातोड्यानं काढायला मला 11 रविवार लागले, आणि तुळई बदलायला लागलेले पैसे वेगळे.

या भिंती 50-60 सेंटिमीटर जाड असतात, बाहेरून-आतून दगड आणि मध्ये माती, चिपा, थोडा चुना. जमिनीतून वर चढलेलं पाणी त्यांच्या अंगातून सावकाश उडून जातं. सिमेंटनं तोंड बंद केलं की ते उडत नाही, वर चढतं. म्हणून इथं गिलावा नैसर्गिक जलीय, म्हणजे पाण्यानंही घट्ट होणाऱ्या चुन्याचा. पिशवीवर ‘एनएचएल 2’ किंवा ‘एनएचएल 3.5’ लिहिलेलं असतं. दोर्दोन्य जिल्ह्यातल्या सँतास्तिए गावचा चुना इथं सगळीकडे मिळतो. 5 अंशांखाली काम करायचं नाही, थंडीच्या तडाख्यापासून आणि कडक उन्हापासून ओला गिलावा झाकायचा, डोळ्यांना चष्मा लावायचा. आपल्या वाड्यांचा चुना घाणीत बैल फिरवून मळायचे, त्यात गूळ-हिरडा पडायचा. कोल्हापुरात वाढूनही मला चुना इथं येऊन शिकावा लागला, याची अजून लाज वाटते.

आता तुमच्या घराकडे. पुढच्या वेळी पावसात जा. पन्हळी बघा, त्यांचं पाणी कुठं पडतं ते बघा. पाचव्या फोटोत मागचा रस्ता घराच्या जोत्यापेक्षा उंच दिसतोय, म्हणजे उताराचं पाणी सरळ भिंतीवर येत असणार. आतून त्याच भिंतीला लाकडी फळ्या मारल्यात. कुणी तरी ओल झाकलीय, असं मी तरी धरून चालेन. माळ्यावर चढा, टॉर्च न्या, एक मोठा स्क्रू ड्रायव्हर न्या. तुळया आणि कैच्या, म्हणजे छपराच्या त्रिकोणी लाकडी चौकटी, जिथं भिंतीत शिरतात तिथं टोचून बघा. टोक दोन-तीन मिलिमीटर गेलं तर वरवरचा किडा, निम्मं पातं आत गेलं तर तुळई गेली. कोपऱ्यात कापसासारखी पांढरी बुरशी किंवा विटकरी रंगाची बारीक पूड दिसली तर तिथंच थांबा. ती मेरूल. बंद, दमट घरात ती लाकडावर वाढते आणि भिंतीतूनही पलीकडे जाते. तिच्यावरचा खर्च आधी कुणीच सांगू शकत नाही.

गोठ्याचं छप्पर करड्या लाटदार पत्र्यांचं आहे. ते बहुतेक ॲस्बेस्टॉस सिमेंटचं असेल. फ्रान्सनं ॲस्बेस्टॉसवर 1 जानेवारी 1997 पासून बंदी घातली, जुने पत्रे मात्र अजून जागोजागी आहेत. ते हातानं तोडायचे नाहीत आणि काढून टाकणंही स्वस्त नाही. घराची कौलं मात्र खाचेची दिसतात, आपल्या मंगलोरी कौलांच्याच घराण्यातली. एकमेकांत बसणाऱ्या अशा कौलाचं पेटंट 1841 मध्ये अल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंनी घेतलं होतं. मंगळुरात बासेल मिशननं कारखाना काढला तो 1865 मध्ये.

दुसरं पाणी म्हणजे सांडपाणी. खेड्यात बहुतेक वेळा गटार नसतं, प्रत्येकाची टाकी आणि पाणी जिरवायची व्यवस्था असते. तिची तपासणी ‘स्पांक’, म्हणजे सांडपाण्याचं स्थानिक सरकारी खातं, करतं, विक्रीच्या वेळी अहवाल 3 वर्षांच्या आतला लागतो. अहवालात ‘नियमात बसत नाही’ असं असेल, आणि जुन्या घरांत ते असतंच, तर विक्रीनंतर एका वर्षात नवी यंत्रणा बसवायची जबाबदारी तुमची. माझ्या अलीकडच्या कामांत हा खर्च 9 ते 14 हजार युरो आला. घराखालची जागा खडकाळ असेल तर वरच्या टोकाला धरा. किमतीची घासाघीस करायला हा अहवाल सगळ्यात चांगला कागद आहे, कारण विकणारा त्यावर वाद घालू शकत नाही.

विकणाऱ्याकडून मिळणारं तपासण्यांचं बाडही नीट वाचा. 1949 पूर्वीच्या घराला शिशाची तपासणी, जुलै 1997 पूर्वीचा बांधकाम परवाना असेल तर ॲस्बेस्टॉसची, 15 वर्षांहून जुन्या वीज-गॅसच्या जोडणीची. ऊर्जेची श्रेणी सांगणारा ‘डेपेए’ असतो. श्रेणी ई, एफ किंवा जी असेल तर सविस्तर ऊर्जा-तपासणीही विकणाऱ्यानंच द्यायची असते, आणि त्यात कामांचा क्रम व अंदाजे खर्च आयता मिळतो. जाहिरातीत ‘डेपेए लागू नाही’ असं लिहिलं असेल तर घरात चुलीशिवाय गरम करायची सोयच नाही, असा बहुधा अर्थ. लिमुझँ ग्रॅनाइटचा प्रदेश आहे, त्यामुळे जमिनीतून झिरपणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचा मुद्दा निघेल. बऱ्याच गावांना इथं 3 म्हणजे सर्वांत वरची श्रेणी आहे. घाबरायचं कारण नाही, तळघर आणि जोत्याखालची हवा खेळती ठेवायची. पण ‘जमिनीवर प्लास्टिक अंथरून काँक्रीट ओता’ असं कुणी सांगेल त्याला आधी हवेचं आणि ओलीचं विचारा. काँक्रीटखाली अडकलेली ओल सरळ भिंतीकडे वळते.

कागदपत्रांत सातबाऱ्याची आठवण येईल अशी एक गोष्ट आहे: अँदिव्हिझियों, म्हणजे वारसांची सामाईक मालकी. तुम्ही लिहिलंय की ‘‘घर आजीचं होतं, नातवंडं विकताहेत.’’ किती नातवंडं? एक बोर्दोला, एक कॅनडात, एकाचं बाकीच्यांशी बोलणं नाही, असं असेल तर सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत वर्षही जाऊ शकतं. पहिल्याच फोनमध्ये नोतेरला विचारा. नोतेर हा सरकारनं नेमलेला कायदेतज्ज्ञ, खरेदीखत त्याच्याशिवाय होत नाही. विकणाऱ्याचाच नोतेर वापरायची सक्ती नाही. तुमचा वेगळा ठेवलात तरी फी वाढत नाही, दोघे वाटून घेतात. मी प्रत्येकाला आपला नोतेर ठेवायला सांगते.

नोतेरचा म्हणून जो खर्च म्हणतात त्यातला मोठा भाग सरकारी कर असतो. जुन्या घरांना हा सगळा खर्च साधारण 7-8 टक्के पडतो, पण घर स्वस्त असलं की टक्केवारी वाढते. तुमच्या 48 हजारांवर 5 हजारांच्या आसपास धरा.

प्राथमिक करार, कोंप्रोमी, झाला की खरेदीदाराला 10 दिवस मिळतात. त्या काळात कारण न सांगता माघार घेता येते आणि इसार परत मिळतो. त्यानंतर मात्र करारात लिहिलेल्या अटीच तुम्हाला वाचवतात. कर्ज मिळण्याची अट सगळे घालतात. तुम्ही दोन आणखी घाला: गोठ्याला राहत्या जागेत बदलता येईल असं गावाच्या नियोजन-दाखल्यात आलं तरच खरेदी, आणि मागच्या विहिरीकडे जाणारा रस्ता नेमका कुणाचा हे लेखी. कादास्त्रचा, म्हणजे सरकारी जमीन-नोंदीचा नकाशा करासाठी असतो, हद्दीचा पुरावा म्हणून तो चालत नाही. हद्दीचा वाद दिसत असेल तर मोजणीदार लावून खुणा करून घ्या. करार ते खरेदीखत या मध्ये साधारण 3 महिने जातात, कारण गावाला किंवा शेतजमीन असेल तर ‘साफेर’ या शेतजमिनींचे व्यवहार बघणाऱ्या संस्थेला आधी खरेदी करण्याचा हक्क असतो, त्यांचं उत्तर यावं लागतं. घरात लपलेले दोष नंतर निघाले तर विकणाऱ्या खासगी माणसावर दावा करणं अवघड. करारात जवळपास नेहमीच त्याची जबाबदारी काढून टाकलेली असते. त्यामुळे जाण्याआधी काही शे युरो देऊन जुन्या बांधकामाचा जाणकार माणूस बरोबर न्या. माझी जाहिरात करत नाही, मी तुमच्या घरापासून दीड तासावर राहते, दुसरा कोणी चालेल.

किंमत ठीक आहे का, हे एजंटला विचारू नका. झालेल्या व्यवहारांची माहिती सरकारच मोफत दाखवतं, ‘डीव्हीएफ’ म्हणून. गावाच्या नकाशावर क्लिक केलं की गेल्या काही वर्षांत कोणतं घर कितीला विकलं ते दिसतं. पूर, चिकणमातीचं आकुंचन-प्रसरण वगैरे ‘जिओरिस्क’ या सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून बघा. हे दोन्ही मी गाडीत बसायच्या आधी बघते.

आता 50 हजारांचा हिशेब. तुम्ही लिहिलंय की ‘‘मा-प्रीम-रेनोव्ह मधून निम्मं सुटेल.’’ सुटणार नाही. ऊर्जा वाचवणाऱ्या दुरुस्तीचं ते सरकारी अनुदान मुख्य राहत्या घरासाठी आहे. तुमचं मुख्य घर ल्यॉंमध्ये, हे सुट्टीचं. 50 हजारांपर्यंतचं बिनव्याजी ऊर्जा-कर्जही त्याच कारणानं नाही. वर दरवर्षी मालमत्ता कर भरायचा आहेच, आणि मुख्य घरांवरून 2023 मध्ये उठवलेला निवास कर दुसऱ्या घरांवर अजून आहे. फायद्याचं एकच, घर 2 वर्षांहून जुनं असल्यानं कारागिराच्या बिलावर व्हॅट 20 ऐवजी 10 टक्के, ऊर्जा वाचवणाऱ्या कामांवर 5.5. पण सामान तुम्ही स्वतः दुकानातून आणलंत तर त्यावर पूर्ण 20.

फोटोंवरून माझा अंदाज: छप्पर आणि कैच्यांची दुरुस्ती 30 हजारांपासून, सांडपाणी 10-12, वीज नव्यानं 10-12, पाण्याचा निचरा 5, उष्णतारोधन, हवा आणि गरम करण्याची सोय मिळून 25-30. स्वयंपाकघर, न्हाणीघर, फरशी अजून आलेलीच नाहीत. 100 ते 130 हजारांच्या खाली मला हे घर दिसत नाही, आणि यात गोठा नाही. घरात तुम्ही हातानं करण्यासारखं काम आहे: जुना गिलावा काढणं, दरजा चुन्यानं भरणं, रंग, फरशा. छप्पर, वीज आणि सांडपाणी तुम्ही करायचं नाही. बँकही कारागिराच्या दवीवर, म्हणजे लेखी अंदाजपत्रकावर कर्ज देते, तुमच्या रविवारांवर देत नाही. दवी हातात आल्याशिवाय कर्जाचा आकडा करारात लिहू नका.

कामाचा क्रम बदलू नका, तुमच्यासारख्या उत्साही जोडप्यांची हीच चूक मला दरवर्षी दिसते. पहिल्या वर्षी प्लास्टिकच्या फ्रेमच्या दुहेरी काचांच्या खिडक्या येतात, कारण जाहिराती त्यांच्याच असतात. खिडक्या हवाबंद झाल्या, हवा खेळवणारी यंत्रणा नाही, आणि पहिल्याच जानेवारीत कपाटामागे काळी बुरशी. आधी छप्पर आणि पन्हळी. मग जमिनीवरचं पाणी भिंतीपासून दूर. इथं एक सावधगिरी: निचऱ्याचा चर भिंतीला चिकटून खोल खणू नका. या घरांना आपण म्हणतो तसा पाया बहुतेक वेळा नसतोच, चार मोठे धोंडे आणि वर भिंत. चर भिंतीपासून मीटर-दीड मीटर दूर ठेवा आणि धोंड्यांच्या तळाखाली जाऊ देऊ नका. त्यानंतर वीज आणि नळ, मग माळ्याचं उष्णतारोधन आणि हवा खेळवणं, मग खिडक्या. गिलावा शेवटी. शक्य असेल तर काहीही फोडण्याआधी एक हिवाळा घर नुसतं सुकू द्या. चूल पेटवा, धुराडं साफ केल्याची पावती घ्या. विमा खरेदीच्या दिवसापासून लागतो, आणि धुराड्याची पावती त्याचे लोक मागतात.

बाहेरून दिसणारा कोणताही बदल, नवी खिडकी, छपरातला झरोका, कौलांचा प्रकार, यासाठी मेरीत, म्हणजे गावच्या नगरपालिका कचेरीत, पूर्वसूचनेचा अर्ज करावा लागतो. उत्तराला एक महिना, जवळ संरक्षित वास्तू असेल तर जास्त. बांधकाम परवाना लागला आणि एकूण क्षेत्र 150 चौरस मीटरच्या पुढं गेलं तर वास्तुविशारद सक्तीचा. घर 110, गोठा तेवढाच, म्हणजे गोठा राहता केलात की तुम्ही त्या रेषेच्या पलीकडे. गोठ्याचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा. मेरी आठवड्यातून दोन-तीन अर्धे दिवसच उघडी असते. पहिल्यांदा अर्ज घेऊन जाऊ नका, ‘बोंजूर’ म्हणायला जा. मागचा ओढा कोणत्या साली फुगला होता, कोणता गवंडी फोन उचलतो, हे सगळं तिथल्या सेक्रेटरीबाईंना माहीत असतं.

कारागीर निवडताना त्याचा नोंदणी क्रमांक आणि 10 वर्षांच्या हमीचा विमा बघा. विम्याचा कागद शेवटच्या पानापर्यंत वाचा. एका छपरावर मला असा माणूस सापडला ज्याच्या विम्यात फक्त ‘फरशीकाम’ लिहिलं होतं. ॲडव्हान्स 30 टक्क्यांच्या वर देऊ नका. आणि ऑगस्टमध्ये कुणीही येणार नाही, ते गृहीत धरा. चांगला छप्परवाला आज सांगितलं तर पुढच्या वर्षी येतो. शिवाय ल्यॉंहून साडेतीन-चार तास गाडी चालवून शनिवारी दुपारी तुम्ही पोहोचणार आणि रविवारी चारला निघणार. तुमच्या सहा महिन्यांची 3 वर्षं मी म्हणूनच करते.

आईबाबांबद्दल दोन गोष्टी. घर असल्यानं व्हिसा मिळत नाही. पर्यटक व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच, जास्त राहायचं तर दीर्घ मुदतीचा ‘व्हिजिटर’ व्हिसा, उत्पन्नाचा आणि आरोग्यविम्याचा पुरावा देऊन. दुसरं, ते पुण्याहून पैसे पाठवणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर्सची मर्यादा आहे, आणि वर्षात 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. पैसे भेट म्हणून आले तर तुम्ही इथले कर-रहिवासी असल्यानं ते इथं जाहीर करा. आई आणि बाबा, प्रत्येकाकडून 15 वर्षांतून एकदा 1 लाख युरोपर्यंत करमाफी आहे. खरेदीखतात त्यांचं नाव घालायचा विचार असेल तर मात्र आधी नोतेरशी बोला, कारण फ्रेंच वारसा कायद्यात मुलांचा हिस्सा राखीव असतो. शिवाय भारतात विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून त्यांना दरवर्षी हे घर दाखवावं लागेल.

घ्यावं का? माळ्यावरच्या तुळया धड निघाल्या, मेरूल नाही, आणि वारस तिघांपेक्षा जास्त नसतील, तर मी घेईन. पण 48 ला नाही. स्पांकचा अहवाल आणि छपराचं दवी पुढे ठेवून 35 म्हणा, 38-40 वर थांबा. घर किती वर्षं विकायला पडलंय ते एजंटला सहज विचारा, तीन-चार वर्षं म्हणाला तर 35 वरच अडून बसा. नोव्हेंबरमध्ये एक दिवस रजा काढून जा, आठवडाभर पाऊस लागला असेल तर उत्तम. मागच्या भिंतीच्या पायथ्याचे फोटो काढा, फळ्यांची एक कड विचारून उचका, आणि मला पाठवा. रबरी बूट न्या, त्या रस्त्यावर चिखल घोट्याच्या वर येतो.